क्षिती आणि अंकुर : सृष्टिकर्तृत्वाच्या वादातील एका जुन्या अनुमानाची समीक्षा

१

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव दोन कारणांनी प्रसिद्ध आहे. प्राचीन काळी ‘तगर’ या नावाने ती दक्षिणेतील एक मोठी व्यापारपेठ होती. आणि संतपरंपरेत ते गोरोबाकाकांचे, म्हणजे गोरा कुंभाराचे गाव होय. याच जिल्ह्यात धाराशिव नगरालगतच्या डोंगरात जी लेणी आहेत, त्यांतील मुख्य लेण्यात पार्श्वनाथाची मूर्ती आहे. अकराव्या शतकातील कनकामर मुनीच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळच्या लेण्यांची जी कथा येते, तिचा संबंध या लेण्यांशी जोडण्यात आला आहे. हिरालाल जैन यांनी १९३४ साली हे काव्य संपादून प्रसिद्ध केल्यापासून ही गोष्ट अभ्यासकांच्या परिचयाची झाली आहे.

कुंभाराचे गाव आणि जैनांचे लेणे ही दोन स्थळे एकाच जिल्ह्यात असावीत, हा योगायोग खरा. परंतु भारतीय तत्त्वज्ञानातील एका मोठ्या वादाचे दोन्ही पक्ष त्यांत सूचित होतात. जगाला कोणी कर्ता आहे काय, या प्रश्नावर नैयायिकांनी जे अनुमान मांडले त्याचा दृष्टान्त कुंभाराने घडविलेला घट हाच होता. उलट जैन दर्शनाने जग अनादी मानले आणि त्याला कुंभार नाही असे निक्षून सांगितले. हा वाद जुना असला तरी संपलेला नाही. उत्क्रांतिवाद आणि आधुनिक विश्वरचनाशास्त्र यांच्या संदर्भात तो विसाव्या शतकात नव्याने उभा राहिला, आणि एकविसाव्या शतकात तर मराठवाड्याच्या भूमीवरच त्याचे पडसाद उमटले.

या वादात एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. विश्वाची उत्पत्ती आणि जीवजातींची उत्पत्ती हे दोन प्रश्न त्यात एकत्र बांधलेले असतात. एकाचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले, असे दोन्ही पक्षांकडून गृहीत धरले जाते. हे गृहीत कोठून आले, ते कितपत टिकते आणि या दोन शास्त्रांचा परस्परसंबंध वस्तुतः कोणत्या स्वरूपाचा आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

नैयायिकांचे अनुमान थोडक्यात असे आहे. क्षिती, अंकुर इत्यादी वस्तू सकर्तृक आहेत. कारण त्या कार्ये आहेत. जे जे कार्य ते ते सकर्तृक, जसा घट. उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीची जी प्रमाणे आली आहेत, त्यांत कार्यत्व हे पहिले आहे. या अनुमानाच्या ‘पक्षा’कडे, म्हणजे ज्याच्याविषयी सिद्ध करावयाचे त्या वस्तूंकडे, बारकाईने पाहावे. क्षिती म्हणजे पृथ्वी. अंकुर म्हणजे बीजातून फुटणारा कोंब. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर पहिली वस्तू खगोलशास्त्राच्या व भूशास्त्राच्या कक्षेतील आहे आणि दुसरी जीवशास्त्राच्या. ‘इत्यादी’ या एका शब्दाने उरलेले सर्व चराचर त्यांच्याबरोबर ओवले गेले आहे.

अंकुराचा हा समावेश सहज झालेला नाही. प्रतिपक्षाचा आक्षेप असा होता की, रानात गवत आपोआप उगवते, तेथे कोणी कर्ता दिसत नाही. तेव्हा ‘जे कार्य ते सकर्तृक’ ही व्याप्ती मोडते. नैयायिकाने उत्तर दिले की, अंकुर हा पक्षातच अंतर्भूत आहे. जे सिद्ध करावयाचे त्यालाच व्यभिचाराचे उदाहरण म्हणून पुढे करता येत नाही. तर्कशास्त्राच्या नियमांत हे उत्तर बसते. परंतु त्याची किंमत अशी की, जे उदाहरण अनुमानाची परीक्षा करू शकले असते, तेच अनुमानाच्या पोटात गेले.

या अनुमानावरचा अत्यंत मार्मिक आक्षेप बौद्ध तार्किक धर्मकीर्ती याने ‘प्रमाणवार्तिका’त घेतला आहे. त्याचा आशय असा : ज्या प्रकारची रचना कर्त्यामुळे होते असे प्रत्यक्षात आढळले आहे, त्याच प्रकारच्या रचनेवरून कर्त्याचे अनुमान करणे योग्य ठरेल. केवळ शब्दसाम्यावर विसंबले तर घट हा मातीचा विकार, वारूळ हाही मातीचाच विकार. म्हणून वारूळही कुंभारानेच केले असे म्हणावे लागेल. ज्याने बांधावरचे वारूळ पाहिले आहे त्याला या आक्षेपाचे बळ वेगळे सांगावयास नको. वारुळात रचना आहे, दालने आहेत. पण ती घडविणाऱ्या मुंग्यांना वा वाळवीला त्या रचनेचा नकाशा ठाऊक नसतो. रचना असणे आणि रचनेची योजना कोणाच्या तरी मनात आधी असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

जैनांचा आक्षेप दुसऱ्या बाजूने येतो. राष्ट्रकूटकाळात, नवव्या शतकात, जिनसेनाचार्यांनी ‘आदिपुराणा’त सृष्टिकर्त्याच्या कल्पनेचे विस्तृत खंडन केले. सृष्टीपूर्वी कर्ता कोठे होता, सामग्रीवाचून त्याने जग कसे निर्मिले, आणि सामग्री आधीच असेल तर ती कोणी निर्मिली, असे प्रश्न उपस्थित करून त्यांनी जग अनादी ठरविले आहे. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘कॉसमॉस’ या ग्रंथात हाच भाग उद्धृत केला, आणि त्यामुळे दक्षिणेतील एका जैन आचार्यांचा तर्क जगभरच्या वाचकांपर्यंत पोहोचला. परंतु सेगन यांच्या वाचकाने येथे थांबून एक प्रश्न विचारावयास हवा. जिनसेनांनी कर्ता नाकारला, म्हणून त्यांनी जीवजातींचा एकमेकींपासून उद्भव मान्य केला काय? तसे मुळीच नाही. जैन दर्शनातील जीवांच्या गती व योनी अनादी विश्वात चालत आलेल्या आहेत. जीव एका योनीतून दुसरीत जातो, योनी स्वतः एकमेकींतून निपजत नाहीत. म्हणजे क्षितीच्या बाबतीत कर्त्याचा निषेध आणि अंकुराच्या बाबतीत उत्क्रांतीचा अभाव, अशी ही भूमिका आहे. एका प्रश्नाच्या उत्तरातून दुसऱ्याचे उत्तर आपोआप निघत नाही, याचा हा पहिला पुरावा होय.

३

दुसरा पुरावा याच जिल्ह्याच्या अलीकडील इतिहासातून मिळतो. निजामी राजवटीत मराठवाड्यात आर्यसमाजाचे कार्य जोमाने चालले. उमरगा तालुक्यातील गुंजोटीचे वेदप्रकाश यांचे नाव त्या काळच्या हुतात्म्यांत आदराने घेतले जाते, आणि १९३८-३९ च्या हैदराबाद सत्याग्रहात आर्यसमाजाचा वाटा मोठा होता. या चळवळीने या भागात शिक्षण, समाजसुधारणा व राजकीय जागृती यांचे जे कार्य केले त्याचे मोल निर्विवाद आहे. येथे प्रश्न केवळ स्वामी दयानंदांच्या सृष्टिविषयक मतापुरता आहे.

‘सत्यार्थप्रकाशा’च्या आठव्या समुल्लासात ते मत सविस्तर आले आहे. ईश्वर, जीव आणि प्रकृती ही तिन्ही अनादी. ईश्वर हा उपादानकारण नसून निमित्तकारण, म्हणजे मातीच्या ठिकाणी प्रकृती आणि कुंभाराच्या ठिकाणी ईश्वर. सृष्टीच्या आरंभी अनेक मनुष्ये एकदम, आणि तीही युवावस्थेत, त्रिविष्टपात म्हणजे तिबेटात उत्पन्न झाली असे तेथे म्हटले आहे. काळाचे गणित मात्र प्रचंड आहे. ‘ऋग्वेदादिभाष्यभूमिके’त सृष्टीला लोटलेली वर्षे १,९६,०८,५२,९७६ इतकी सांगितली आहेत.

या मताची तुलना पाश्चात्त्य सृष्टिवादाशी केली असता एक महत्त्वाचा भेद दिसून येतो. सतराव्या शतकात आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलातील वंशावळींवरून जगाची उत्पत्ती ख्रिस्तपूर्व ४००४ या वर्षी झाल्याचे गणित मांडले. जो या गणिताला चिकटून राहील त्याला उत्क्रांतीशी जसे भांडावे लागते तसेच भूशास्त्राशी, ताऱ्यांच्या प्रकाशाशी आणि विश्वरचनाशास्त्राशीही भांडावे लागते. सहा हजार वर्षांत यांतील काहीच बसत नाही. भारतीय सृष्टिवादाला ही अडचण नाही. कल्पाची ४३२ कोटी वर्षे ज्याच्या परंपरेत आहेत त्याला काळाच्या विस्ताराचे भय वाटण्याचे कारण नाही. म्हणूनच येथे आधुनिक विश्वरचनाशास्त्राला ‘आमच्या पूर्वजांनी सांगितलेलेच’ म्हणून जवळ केले जाते आणि उत्क्रांतिवादाला परका म्हणून दूर लोटले जाते.

हे जवळ करणेही तपासून घ्यावयास हवे. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आणि कल्प ४३२ कोटी वर्षांचा, हे साम्य व्याख्यानांतून अनेकदा सांगितले जाते. परंतु ४३२ कोटी वर्षे ही ब्रह्मदेवाच्या संपूर्ण दिवसाची लांबी आहे. त्यांपैकी लोटलेला भाग पारंपरिक गणनेनेच १९६-१९७ कोटी वर्षांचा आहे. पृथ्वीच्या वयाशी तुलना करावयाची तर या दुसऱ्या आकड्याशी करावी लागेल, आणि तेथे साम्य उरत नाही. किंबहुना सूक्ष्म जीवांचे सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष खडकांत सापडले आहेत. ते या गणनेने सृष्टीच्या आधीचे ठरतील. मोठा आकडा म्हणजे बरोबर आकडा नव्हे. परंपरेच्या कालकल्पनेची भव्यता मान्य करूनही तिला मापनाचा दर्जा देता येत नाही.

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे वैदिक संमेलनाच्या निमित्ताने आलेले तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचे व अभ्यासक्रमात बदल व्हावयास हवा असल्याचे मत व्यक्त केले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कोठे लिहिलेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. देशातील तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदनाद्वारे या मताशी असहमती नोंदविली. उत्क्रांतिवाद आजच्या माकडापासून आजचा माणूस झाला असे सांगत नाही. दोघांचे पूर्वज समान होते असे सांगतो. हे उत्तर त्या वेळी अनेकांनी दिले. परंतु या युक्तिवादातील दुसरा दोष अधिक मूलगामी आहे, आणि तो भारतीय प्रमाणशास्त्राच्या दृष्टीने आहे. उत्क्रांतीसाठी प्रत्यक्ष प्रमाणाची मागणी करणे आणि सृष्टिकर्त्यासाठी मात्र अनुमानावर समाधान मानणे, ही प्रमाणांची विषम वाटणी झाली. पृथ्वी घडविताना कर्त्याला कोणी पाहिले, असा प्रश्न नैयायिकाला विचारला असता तो सांगेल की, अनुमान हे स्वतंत्र प्रमाण आहे. तो न्याय जीवशास्त्राला नाकारण्याचे काही कारण नाही. जीवाश्मांचा क्रम, अवयवांतील साम्य आणि आनुवंशिक द्रव्यातील साम्य यांवरून समान पूर्वजाचे जे अनुमान निघते, त्याची कसोटी अनुमानाच्या नियमांनीच व्हावी.

४

दोन प्रश्नांची गाठ पाश्चात्त्य देशांत किती घट्ट बसली होती हे पाहण्यासाठी अमेरिकेतील आर्कान्सा राज्याचा १९८१ चा कायदा उपयोगी पडतो. शाळांत उत्क्रांतीबरोबर ‘सृष्टिविज्ञान’ही समतोलपणे शिकवावे असे त्या कायद्याने फर्मावले आणि सृष्टिविज्ञानाची व्याख्या सहा कलमांत दिली. विश्व, ऊर्जा व जीव यांची शून्यातून अकस्मात निर्मिती हे पहिले कलम आणि पृथ्वी व जीवजाती अलीकडच्या असणे हे शेवटचे. मधल्या कलमांत नैसर्गिक निवडीची अपूर्णता, जातींच्या ठराविक मर्यादा, माणूस व वानर यांचे वेगळे पूर्वज आणि जगद्व्यापी महापूर. न्यायशास्त्रातील ‘क्षित्यंकुरादि’ पक्षाचे हे जणू वैधानिक रूप होते. न्यायाधीश विल्यम ओव्हरटन यांनी ५ जानेवारी १९८२ रोजी हा कायदा घटनाबाह्य ठरविला. पुढे १९९९ साली कॅन्सस राज्याच्या शिक्षणमंडळाने जातींच्या उत्क्रांतीबरोबरच विश्वाच्या महास्फोटाचा व पृथ्वीच्या वयाचा भागही अभ्यासक्रमाच्या मानकांतून वगळला. २००१ साली तो परत घेण्यात आला. वगळणाऱ्यांच्या मनात ही दोन्ही शास्त्रे एकाच धाग्यात होती, हे यावरून स्पष्ट होते.

मात्र हे बंधन केवळ सृष्टिवाद्यांनीच घातले असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रतिपक्षानेही आपल्या परीने तेच केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन प्राणिशास्त्रज्ञ एर्न्स्ट हेकेल यांनी तेजोमेघापासून मनुष्याच्या बुद्धीपर्यंत एकाच नियमाची अखंड साखळी कल्पिली. मराठीत या विचाराचा परिचय अत्यंत समर्थपणे करून दिला तो लोकमान्य टिळकांनी. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या ‘विश्वाची उभारणी व संहारणी’ या प्रकरणात सांख्यांचा गुणपरिणाम आणि हेकेलप्रभृतींचा उत्क्रांतिवाद समोरासमोर ठेवले आहेत. सांख्यांच्या प्रकृतीलाही बाहेरच्या कुंभाराची गरज नसते. गुणांच्या साम्यभंगातून सर्व व्यक्त जग उलगडत जाते. टिळकांची ही तुलना त्या काळच्या मराठी विचाराला मोठी झेप देणारी होती, यात संशय नाही. तथापि आज तिच्याकडे पाहताना एक मर्यादा जाणवते. प्रकृतीचा परिणाम म्हणजे आत असलेले बाहेर येणे. नैसर्गिक निवडीत आत आधीच ठरलेले असे काही नसते. संततीत लहान लहान भेद होतात, त्यांपैकी परिस्थितीला मानवणारे टिकतात, बाकीचे लोपतात. यात पायऱ्या आहेत, पण जिना आधी बांधलेला नाही.

येथे मराठीतील संज्ञेचाही विचार करणे उचित होईल. संस्कृतात ‘उत्क्रांति’ म्हणजे प्राणाचे देहातून बाहेर पडणे. उपनिषदांच्या व ब्रह्मसूत्रांच्या चर्चेत तो शब्द याच अर्थी येतो. मराठीने त्याला डार्विनच्या सिद्धान्ताचा वाचक केले. बंगालीने ‘विवर्तन’ हा शब्द स्वीकारला. नव्या अर्थाने हा शब्द मराठीत पुरता रुळला आहे आणि तो बदलण्याचे कारण नाही. परंतु ‘ताऱ्यांची उत्क्रांती’, ‘विश्वाची उत्क्रांती’ असे प्रयोगही सर्रास होतात, आणि त्यांमुळे वाचकाचा असा समज होतो की तारे व पक्षी एकाच रीतीने बदलतात. ताऱ्याला संतती नसते, ताऱ्याकडून वारसा चालत नाही, आणि ताऱ्यांत नैसर्गिक निवड होत नाही. ताऱ्याचा बदल हा त्याच्या स्वतःच्या द्रव्याचा व इंधनाचा इतिहास आहे. तेथे ‘विकास’ अथवा ‘परिणमन’ म्हणणे अधिक निर्दोष ठरेल. आर्कान्साच्या कायद्याने जी गाठ बांधली ती आपल्या परिभाषेतही नकळत बांधली गेली आहे.

५

मग या दोन शास्त्रांचा काही संबंधच नाही काय? संबंध आहे, आणि तो निकटचा आहे. मात्र तो सिद्धान्तांच्या एकरूपतेचा नाही. विश्वरचनाशास्त्र आणि भूशास्त्र जीवशास्त्राला दोन गोष्टी पुरवितात : काळ आणि द्रव्य.

काळाचा हिशेब प्रथम पाहावा. १८५९ साली ‘जातींचा उद्भव’ हा ग्रंथ लिहिताना डार्विनने इंग्लंडमधील वील्ड या प्रदेशाच्या झिजेला सुमारे ३० कोटी वर्षे लागली असावीत असा अंदाज दिला होता. १८६२ साली विल्यम टॉम्सन, म्हणजे पुढील लॉर्ड केल्व्हिन, यांनी पृथ्वीच्या थंड होण्याच्या वेगावरून तिचे वय २ कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान असावे असे गणित मांडले, आणि पुढे ते खालच्या टोकाकडेच आणले. डार्विनने आपला अंदाज ग्रंथातून काढून टाकला, पण काळाची ही अडचण त्याला अखेरपर्यंत सलत राहिली. पुढे किरणोत्साराचा शोध लागला, खडकांचे वय मोजण्याचे साधन हाती आले, आणि १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी अशनींच्या परीक्षणावरून पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे निश्चित केले. या प्रकरणात चूक भौतिकशास्त्रज्ञाच्या गृहीतात होती. जीवशास्त्राला जो काळ हवा होता तो अखेर खरा ठरला. एक शास्त्र दुसऱ्याचे ऋणी असले तरी अंकित नसते, याचे हे बोलके उदाहरण होय.

या काळाचे माप धाराशिव जिल्ह्यातही पायाखालीच आहे. ज्या काळ्या पाषाणात येथील लेणी खोदलेली आहेत तो दख्खनच्या लाव्हाचा थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांत जो भीषण भूकंप झाला, त्यानंतर किल्लारी येथे संशोधनासाठी खोल विंधन घेण्यात आले. तेथे बेसॉल्टचे थर ३३८ मीटर जाडीचे आढळले. त्यांच्याखाली गाळाचा एक पातळ पट्टा आणि त्याखाली कितीतरी अधिक प्राचीन असा स्फटिकी खडक लागला. नागपूर-छिंदवाडा भागात या लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळात वनस्पतींचे जीवाश्म सापडतात. बिरबल सहानी यांनी त्यांचा विशेष अभ्यास केला. लाव्हाचे वय भौतिकशास्त्र सांगते आणि मधल्या गाळातील वनस्पती जीवशास्त्र ओळखते. क्षिती आणि अंकुर यांची खरी भेट होते ती येथे. ती एकमेकांची साक्ष तपासण्याची भेट आहे.

द्रव्याची गोष्टही अशीच आहे. देहातील कार्बन, प्राणवायू, लोह ही मूलद्रव्ये ताऱ्यांच्या अंतरंगात घडली, हे मार्गारेट व जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉईल यांनी १९५७ च्या प्रसिद्ध निबंधात सविस्तर दाखविले. जीवाला लागणारी माती ताऱ्यांनी पुरविली असे म्हणता येईल. परंतु त्या मातीतून बेडूक व आंबा हे भेद कसे झाले, याचे उत्तर ताऱ्यांपाशी नाही.

६

हा संबंध एवढाच असल्यामुळे विश्वरचनाशास्त्रातील मतांतरांनी उत्क्रांतिवादाला बाध येत नाही. विसाव्या शतकाने याचे प्रात्यक्षिकच घडविले. बेल्जियमचे धर्मगुरू व गणिती जॉर्ज लमेत्र यांनी प्रसरणशील विश्वाला आरंभ असल्याची कल्पना मांडली. २२ नोव्हेंबर १९५१ च्या भाषणात पोप बारावे पायस यांनी या नव्या शास्त्रात सृष्टिनिर्मितीची साक्ष पाहिली. लमेत्र यांना हे रुचले नाही. आपला सिद्धान्त धर्मशास्त्रीय प्रश्नांपासून अलिप्त राहावा अशी त्यांची भूमिका होती. ज्याला श्रद्धा होती त्यानेच शास्त्राला श्रद्धेचा पुरावा करण्यास विरोध करावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

उलट हॉईल यांना आरंभाची कल्पनाच अमान्य होती. १९४८ साली त्यांनी, तसेच हर्मन बाँडी व टॉमस गोल्ड यांनी, अनादी विश्वाचा स्थिर स्थिती सिद्धान्त मांडला. कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर हे त्यांचे शिष्य; १९६४ साली गुरुत्वाकर्षणाविषयीचा हॉईल-नारळीकर सिद्धान्त प्रसिद्ध झाला. विश्वात सर्वत्र पसरलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाचा शोध १९६५ साली जाहीर झाल्यावर बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. तरी नारळीकर २०२५ साली झालेल्या आपल्या निधनापर्यंत प्रचलित मताविषयी साक्षेपाने शंका घेत राहिले. आता गंमत अशी की, ज्या हॉईल यांनी क्षितीला आरंभही नाकारला, त्यांनीच अंकुराच्या बाबतीत जीव यदृच्छेने निर्माण होणे अशक्य असल्याचे प्रतिपादन केले, आणि त्यांचे सहकारी चंद्र विक्रमसिंघे यांनी आर्कान्साच्या खटल्यात सृष्टिवादी पक्षाच्या बाजूने साक्ष दिली. जीवाचे बीज अंतराळातून आले, हा या दोघांचा पक्ष. २००१ साली हैदराबादहून सोडलेल्या फुग्याच्या साहाय्याने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने घेऊन सूक्ष्मजीवांचा शोध घेण्याचा जो प्रयोग झाला, त्यात नारळीकरही सहभागी होते. पण बीज बाहेरून आले असे उद्या सिद्ध झाले तरी पृथ्वीवर ते पोहोचल्यानंतरचा जातिभेदाचा इतिहास आहे तसाच राहतो. जीवाचा आरंभ आणि जीवांचे वैविध्य हे पुन्हा दोन वेगळे प्रश्न आहेत.

आता सर्व भूमिका एकत्र मांडून पाहाव्यात. नैयायिक व आर्यसमाजी : मूलद्रव्य अनादी, रचनेला कर्ता. जैन : विश्व अनादी, कर्ता नाही, जातींचा परस्परांतून उद्भवही नाही. सांख्य : कर्ता नाही, पण सर्व एका मूळ प्रकृतीचा परिणाम. लमेत्र : विश्वाला आरंभ, परंतु तो कर्त्याचा पुरावा नव्हे. हॉईल : विश्वाला आरंभ नाही, तरी यदृच्छेविषयी अविश्वास. दोन प्रश्न जर खरोखर एकाच धाग्यात असते, तर विचारवंतांच्या भूमिका इतक्या वेगवेगळ्या प्रकारांनी जुळल्या नसत्या. ‘कार्यत्व’ हा हेतू दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे, एकच अर्थ नाही. क्षितीच्या ठिकाणी त्याचा अर्थ ‘केव्हातरी नव्हती व मग झाली’ असा होतो. अंकुराच्या ठिकाणी ‘अवयवांची उपयुक्त जुळणी’ असा. दुसऱ्या अर्थाचे कारण नैसर्गिक निवडीने दाखविले आहे. पहिल्या अर्थाविषयी ती काही बोलत नाही, आणि बोलूही शकत नाही.

यावरून दोन्ही पक्षांना एकेक गोष्ट सोडावी लागेल. महास्फोटाचे कोडे उलगडलेले नाही, म्हणून माणूस व वानर यांचे पूर्वज वेगळे, असे सृष्टिवाद्याला म्हणता येणार नाही. चोच व पंख यांचा उगम कळला, म्हणून विश्वाच्या अस्तित्वाचा प्रश्नही निकालात निघाला, असे बुद्धिवाद्यालाही म्हणता येणार नाही. उत्क्रांतिवाद सिद्ध करतो त्याहून अधिक त्याच्याकडून वदविणे हे त्याला दुबळे करणेच होय.

७

हा प्रश्न केवळ पंडितांचा नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने इयत्ता दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील उत्क्रांतीचा भाग गाळल्याचे २०२३ साली चर्चेत आले, तेव्हा १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व नागरिकांनी त्याविरुद्ध निवेदन काढले. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग राहिला, हे खरे. परंतु विज्ञानाची शाखा न घेणारा विद्यार्थी दहावीनंतर जीवशास्त्राकडे पुन्हा वळत नाही. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाने २०१८ साली काढलेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’च्या दुसऱ्या भागात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हेच पहिले प्रकरण होते. म्हणजे एकाच गावातील दोन मुलांपैकी एकाला आपल्या जातीचा इतिहास कळावा आणि दुसऱ्याला कळू नये, ही गोष्ट शाळा कोणत्या मंडळाशी संलग्न आहे एवढ्यावर अवलंबून राहिली.

श्रद्धावानालाही या ज्ञानाचे भय बाळगण्याचे कारण नाही. गोरोबाकाकांचा विठ्ठल हा कोणत्याही अनुमानाचा निष्कर्ष नव्हता. घट पाहून कुंभाराचे अनुमान करावे हा नैयायिकाचा मार्ग. प्रत्यक्ष कुंभार असलेल्या या संताने आपल्या भक्तीसाठी तो मार्ग धरलेला दिसत नाही. जी श्रद्धा अनुमानावर उभी नाही ती अनुमान ढासळल्याने ढासळत नाही. धोका आहे तो श्रद्धेला शास्त्राचा आधार देऊ पाहणाऱ्यांना. कारण तो आधार शास्त्राबरोबर बदलत राहतो.

परंपरेत गोरोबाकाकांची कथा आहे. संतमेळ्यात मुक्ताबाईच्या सूचनेवरून त्यांनी थापटणे हाती घेतले आणि प्रत्येकाच्या मस्तकावर ते मारून कोणते मडके भाजलेले व कोणते कच्चे याची परीक्षा केली. नामदेवही त्यातून सुटले नाहीत. या परीक्षेचा नियम साधा होता : मडके एकेकच पारखावयाचे. सृष्टिविषयक वादातही हाच नियम पाळला जावा. विश्वाचा आरंभ, जीवाचा आरंभ आणि जातींचा उद्भव ही तीन स्वतंत्र विधाने आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाला आपापल्या पुराव्याचे थापटणे स्वतंत्रपणे सोसावे लागेल. आजच्या ज्ञानाप्रमाणे तिसरे विधान पक्के भाजलेले आहे. दुसरे अजून आव्यात आहे. आणि पहिल्याच्या तळाशी माती ओलीच आहे. एका मडक्याच्या कच्चेपणावरून दुसरे फोडणे योग्य नव्हे, आणि एकाच्या पक्केपणावर दुसरे विकणेही योग्य नव्हे.